एकपानी

सीताबर्डीच्या फुटपाथवर रद्दीत एक चपटा डबा निघाला.
आत अमेरिकेतली पानं. सुटी. एका कवितेला एक पान.
तीस रुपयांत दिला त्यानं, वर म्हणाला,
"पुस्तक असतं तर शंभर घेतले असते. याले पुठ्ठाच नाही."

डबा घेऊन इतवारीत गेलो, फत्तुजी नंदेश्वरांकडे.
जुळारीपण सुटून चौदा वर्षं झाली,
खिळ्यांच्या पेट्या अजून तिरप्याच,
कप्प्यांत झुरळं आणि थोडी जोडाक्षरं.
इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, जुळवता यायचं.

मी एकेक समोर धरत गेलो:
हे जुनं, फाशीच्या खांबाखालीच विकलेलं,
चोराच्या तोंडचे शब्द, चोरानं न लिहिलेले,
वर शवपेटीचा ठोकळा, किंमत एक पेनी.
हे बुडालेल्या जहाजाचं. बुडालेल्यांची नावं यमकात बसवताना
दोघं-तिघं पुन्हा बुडाले असतील.
हे लढाईतलं, खिशात चार घड्या घालून नेलेलं,
घडीवरच्या ओळी गेल्या.
आणि हे परवाचं: हातकागद, शंभरच प्रती,
कोपऱ्यात पेन्सिलीनं त्रेचाळीस आणि सही.
"म्हंजे हे भिंतीले चिकटवाचं नाही," फत्तुजी म्हणाले,
"काचेत ठेवाचं."

आणि मग, डोळे न उचलता:
"आमी बी छापली ना.
मारबतीच्या आदल्या रात्री गुलाबी कागदावर शिव्या,
दसऱ्याले दीक्षाभूमीवर चार आण्याले एक,
शाई वाळाच्या आत खपलेली.
मिलचा भोंगा बंद झाला तवा हेडाऊचं."

उखर्डू हेडाऊ. विणकर. मागावर बसून कविता करायचा,
घरी येईस्तोवर अर्धी विसरायचा.
त्याच्या त्या एका पानात ळ होते सव्वीस.
पेटीत एकवीस.
फत्तुजींनी वाट काढली:
दोन आभाळांची गगनं केली, तीन काळोखांचे अंधार,
आणि पहिलं पान त्याच्या हातात दिलं.
त्यानं उभ्यानंच वाचलं. दोनदा.
"माह्या गल्लीत गगन कुठी हाय गा?"

मग खिळे सोडले, पुन्हा बांधले,
पाच जागा मोकळ्या ठेवल्या.
पाचशे पानं. रात्रभर दोघं
एकाच दौतीत टाक बुडवून ळ भरत बसले.
अडीच हजार. पहाटे हेडाऊची बोटं वळेनात,
त्याचे शेवटचे ळ कोळ्याएवढे झाले.

हे सांगता सांगता फत्तुजींचं नख
फाशीच्या पानावरून सरकत होतं, अक्षराच्या खड्ड्याखड्ड्यानं,
आंधळा पायऱ्या मोजतो तसं.
एके ठिकाणी थांबलं.
"हे उलटं हाय."
मी चष्मा लावला. खरंच. एन हवा तिथं यू,
डोक्यावर उभा केलेला.
"एन सरले असन त्याचे," ते म्हणाले, आणि बराच वेळ हसले,
खोकला येईपर्यंत.
"आपला ळ उलटा केला तरी ळच राह्यते,
डोईवरची रेघ तेवढी पायाखाली जाते.
त्याचं बरं होतं लेकाचं."

पान उलटलं. मागं तपकिरी शाईत कुणीतरी
पीठ, मेणबत्त्या, परत येणं बाकी असलेले दोन शिलिंग.
फत्तुजी उठले. पत्र्याच्या ट्रंकेतून,
विजेच्या बिलांखालून, हेडाऊचं पान काढलं.
पाचशेतलं घरात राहिलेलं एक.
मागं सखूबाईंच्या हातचा दुधाचा हिशोब:
अर्धा, अर्धा, नागा, अर्धा, पाव्हणे एक.
त्या महिन्यात कोण आलं होतं, त्यांना आठवेना.

पुढची बाजू उजेडात धरली.
छापलेलं सगळं जागच्या जागी, काळंभोर.
टाकानं भरलेलं उडून गेलेलं.
आभाळ होतं तिथं आता 'आभा',
आणि पुढं एका अक्षराएवढा कोरा कागद.

बाहेर शहीद चौकाकडून हातगाड्यांचा गोंगाट.
फत्तुजींनी पान मांडीवर घेतलं, तळव्यानं सपाट केलं.
"पेन हाय काय बे तुह्याजवळ?"